नंबर तोंडाने सांगायचा नाही

कुणी नंबर मागितला की लगेच ‘अठ्ठ्याण्णव, साठ...’ करत सुटायचं, ही सवय आधी मोडा. शोभत नाही आता. शिवाय सांगून उपयोग काय? तुम्ही ‘एकोणऐंशी’ म्हणालात की समोरचा पोरगा विचारणार, ‘म्हणजे सेव्हंटी नाइन की एटी नाइन?’ त्यापेक्षा खिशातून कार्ड काढा, त्यावरचा क्यूआर कोड पुढे करा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणा, ‘स्कॅन करून घ्या ना.’

कार्डावर नंबर अजिबात छापू नका. दिसला तर लोक सरळ फोन लावतील आणि कोडाची मेहनत फुकट जाईल.

आता कोडात भरायचं काय? सगळं! १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी हा कोड काढला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावायची, त्यामुळे एकाच खोक्यावर कितीतरी बारकोड चिकटवलेले असायचे आणि कामगार दिवसभर तेच टिपत बसायचे. हारासाहेबांच्या कोडात नुसते आकडे घातले तर ७,०८९ बसतात. तुमच्या नंबरात आकडे १०. म्हणजे ७,०७९ जागा रिकाम्या! वडापची जीप भरल्याशिवाय कुणी सोडतं का? तेव्हा दोन्ही मोबाईल घाला, बंद पडलेला लँडलाइन घाला, फॅक्स घाला आणि घरचा पत्ता ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीवरचा जिना’ यासकट घाला. तेही देवनागरीत. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या अक्षराला तीन लागतात आणि वेलांटी वेगळी मोजतात. नुसत्या ‘की’ला सहा. भाषेच्या अभिमानापुढे बाइट कसले मोजायचे? कोड फुगत फुगत १७७ बाय १७७ चौकटींपर्यंत जाऊ शकतो. तेवढा गडी कार्डाच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत बसवला की राजगिऱ्याच्या वडीसारखा दिसतो. दिसू द्या.

कोडाच्या गडद चौकटी फिक्या कागदावर हव्यात आणि भोवती चार चौकटींएवढी जागा कोरी हवी, असं जाणकार सांगतात. त्यांना सांगू द्या. तुम्ही कार्ड काळं कुळकुळीत घ्या, वर सोनेरी फॉइल मारा आणि कोरी जागा दिसेल तिथे वेलबुट्टी काढा. कारखान्यात तेल-वंगणाचे हात लागणार हे धरून या कोडात दुरुस्तीची सोय केलेली आहे. वरच्या पातळीची दुरुस्ती घेतली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. ती सोय नेमकी तुमच्या लोगोसाठी ठेवलेली आहे, असं समजा. मात्र लोगो मधोमध टाकायची चूक सगळेच करतात. तुम्ही तो तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांपैकी एकावर ठेवा. कॅमेरा कोड ओळखतो तो त्या तिघांवरूनच. एवढं जमलं की दुरुस्तीचा बापही काही करू शकत नाही.

आणि कोड ‘डायनॅमिक’च घ्या. साध्या कोडात माहिती कोडातच असते. त्याला भाडं नाही, मुदत नाही, वाचायला इंटरनेटसुद्धा लागत नाही. असल्या गोष्टीला समाजात किंमत नसते. डायनॅमिक कोडात नुसता एक दुवा असतो आणि आपलं नाव-गाव दुसऱ्याच्या सर्व्हरवर नांदतं. मी असा एक फुकटात बनवला आणि त्याची पाचशे कार्डं छापून घेतली. पंधराव्या दिवशी ‘फुकट’ संपलं. तेव्हापासून कार्ड स्कॅन करणाऱ्याला माझ्या नावाऐवजी मासिक आणि वार्षिक योजनांचे दर दिसतात. एकाने तर मला गाठून विचारलं, ‘वार्षिक घेतला तर किती कमी कराल?’

घरच्यांनाही वंचित ठेवू नका. कोडाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. तो त्यांच्याच फोनच्या पडद्यावर येईल आणि मग त्याच फोनने तो टिपायचा कसा, या विचारात अख्खं घराणं दुपारभर आरशासमोर उभं राहील. (ग्रुपवर तुमचा नंबर आधीपासून आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही.)

परवा एका लग्नात साताऱ्याचे नानाकाका भेटले. पंगतीत शेजारीच बसले होते. मी नवं कार्ड पुढे केलं. काकांनी चष्मा सरसावला आणि पैसे पाठवायचं ॲप उघडलं. चौकोन दिसला की पैसे द्यायचे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक.

‘किती टाकू?’

‘काका, पैसे नाहीत, त्यात माझा नंबर आहे.’

‘मग हे अवैध का म्हणतंय?’

कॅमेऱ्याने करून पाहिलं. फॉइलवर डोक्यावरचं झुंबर चमकत होतं. कार्ड तिरकं धरलं, मग पानावर वाकून सावली केली, त्यात बाहीला मठ्ठा लागला. वाढपी बासुंदी घेऊन दोनदा येऊन गेला.

‘राहू दे रे,’ काका म्हणाले, ‘मी माझा नंबर सांगतो, तू मिस कॉल दे.’ आणि ते घडाघडा सांगायला लागले. त्र्याण्णवपर्यंत मी बरोबर होतो. पुढे ते म्हणाले, ‘एकोणनव्वद.’

‘म्हणजे एटी नाइन ना, काका?’

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पापड मोडला.