मामांच्या मोबाईलवरचा जपानी बागुलबुवा

गेल्या आठवड्यात मामांनी फॉर्म कोराच परत केला. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे बारा माग आहेत. शेजारच्या कारखानदारांबरोबर ‘लीन’च्या, म्हणजे कारखान्यात वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायच्या जपानी पद्धतीच्या, गटात नाव घालायचं ठरलं होतं आणि सहीच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर तो मेसेज आला. “कशाला पाहिजे बे हे जपानी खूळ?” म्हणत त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

तुम्हालाही आला असेल. म्हणणं असं: लीन हे मोटार कंपन्यांचं तंत्र, यंत्रमागाला चालत नाही, परदेशी तज्ज्ञ डिझाइन चोरतात, कामगार काढायला लावतात, सूत साठवू देत नाहीत, फी लाखांत. शेवटी ‘सावध व्हा, दहा जणांना पाठवा’. मामांनी पाठवलाही.

पहिला मुद्दा वाचून लिहिणाऱ्याने आयुष्यात माग पाहिला असेल का, अशीच शंका येते. अहो, लीन ज्या टोयोटा मोटार कंपनीतून आलं, तिचं मूळच मागात आहे! जिच्या घराण्यातून ती कंपनी निघाली तो साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्मभर माग सुधारत बसलेला. १९२४ साली त्याचा जो स्वयंचलित माग आला, त्यात माग न थांबवता धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा) बदलायची सोय होती आणि धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. यातली दुसरी गोष्ट मामांना मी समजावायची गरज नाही. तार तुटली आणि माग तसाच धडधडत राहिला तर टॉवेलला रेघ पडते, माल सेकंडमध्ये जातो. चूक जिथं झाली तिथंच थांबायचं, पुढे जाऊ द्यायची नाही, हे लीनचं निम्मं शास्त्र त्या मागातून आलंय. १९२९ मध्ये इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांचा करार करून घेतले. म्हणजे ज्या देशाकडून जग यंत्रमाग शिकलं, तोच देश जपान्याच्या दारात. तेव्हा कुणी ‘सावध व्हा’ म्हटलं नाही वाटतं. आणि ज्याला या पद्धतीचा जनक म्हणतात तो ताइइची ओनो १९३२ ला नोकरीला लागला तो टोयोडाच्या सूत-कापडाच्या कंपनीत. मोटारींकडे गेला १९४३ ला. आपलाच धोटा फिरून घरी आलाय आणि आपण त्याला दारातून हाकलतोय.

‘जपानात चालतं, इकडं नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी एकच दाखला देतो, कारण तो पुरेसा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचे आणि जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ मुंबईजवळ तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत आले. सतरा कंपन्या निवडल्या. काहींना सल्लागार देऊन साध्या गोष्टी करायला लावल्या: दोष लिहून ठेवा, सूत मोजून नीट लावा, मशीन बिघडायच्या आधी तपासा. काहींना तसंच ठेवलं. २०१३ साली निष्कर्ष छापून आले: पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वर, आणि तीन वर्षांत शिकलेल्यांनी आणखी कारखाने काढले. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती तर थेट आमच्या घरातली: कारखाना किती मोठा होणार हे घरात किती पुरुष आहेत यावर ठरत होतं. बाहेरच्या माणसावर विश्वासच नाही. मामांना एकच मुलगा, आणि तो पुण्यात.

हे कारखाने मामांच्या बारा मागांपेक्षा कितीतरी मोठे होते, हे मान्य. सल्लाही त्यांना फुकट मिळाला होता. आणि काही वर्षांनी तेच संशोधक परत गेले तेव्हा शिकवलेल्यातल्या जवळजवळ निम्म्या गोष्टी बंद पडलेल्या होत्या. तेव्हा तज्ज्ञ येतात, भिंतीवर तक्ते चिकटवतात, फोटो काढून जातात, ही कुरकुर अगदीच खोटी नाही. पण निम्म्या टिकल्या, त्याचं काय?

आता ‘कामगार काढतात’. इथं मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो: थांबणारा माग आला की एक माणूस जास्त माग सांभाळतो, कुणी मालक त्याचा अर्थ ‘चार जण कमी करा’ असा काढूही शकतो. पण मामांचे दोन माग गेले सहा महिने माणूस मिळत नाही म्हणून झाकून ठेवलेत. परवा मी तासभर शेडमध्ये बसलो. एक माग तीनदा थांबला, त्यात दोनदा धोट्यातली सुताची कांडी संपली आणि भरलेली दुसरी तयार नव्हती. कामगार कांड्या शोधत फिरत होता आणि मामा त्याच्यावर ओरडत होते. यात कुणाला काढणार? मालकाला?

फीचं सांगतो. केंद्राची लघुउद्योगांसाठीची एमएसएमई लीन योजना मार्च २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार देतं. लाख कुठून आले ते मेसेजवाल्याला ठाऊक.

डिझाइनची भीती समजते. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक निर्देशांक मिळूनही बाहेरचा माल आपल्या नावाने विकला जातोच. पण नक्कल करणाऱ्याला बाजारातला एक टॉवेल पुरतो, त्यासाठी जपानहून माणूस कशाला यावा लागतो? असाच एक जपानी प्राध्यापक, शोजी शिबा, वर्षानुवर्षं भारतातल्या कारखानदारांना शिकवत राहिला. २०१२ ला त्याला आपण पद्मश्री दिली.

राहिलं सूत. भाव चढणार दिसला की चार पोती जास्त घ्यावी लागतात, तिथं ‘साठा शून्य’ कुणी शिकवत असेल तर मामांनी त्याला खुशाल चहा पाजून परत पाठवावं.

हे सगळं काल रात्री त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कांड्यांचं ते बरोबर आहे. पण सुताचं त्यांना आधी विचार, मग बघू.”