खुलासा : डोंगरातल्या मेंढपाळांना औषधं 'लागतच नाहीत'?

सध्या फिरणाऱ्या एका संदेशात म्हटलंय की, उंच डोंगरांतल्या भटक्या मेंढपाळांना शुद्ध हवा आणि कच्च्या दुधामुळे औषधांची गरजच पडत नाही. हे खरं नाही.

कच्चं दूध हाच तर ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार) पसरण्याचा एक ठरलेला मार्ग! गाभडलेल्या मेंढीला हात लावूनही तो होतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात. आणि उपचार म्हणजे साधारण सहा आठवडे प्रतिजैविकं. तळ दर काही दिवसांनी हलत असेल, तर तो कोर्स पुरा कसा करायचा? अर्धवट सोडला की दुखणं उलटतं. मेंढ्यांची आतडी-काळीज खाणाऱ्या कुत्र्यांमधून माणसात हायडॅटिड गाठी (एका जंतामुळे शरीरात होणाऱ्या पाणी भरलेल्या गाठी) होतात, तेही आहेच.

आजार दिसत नाहीत, कारण नोंद होत नाही. दवाखाना दरीत, कळप वर.

लशींचं तर आणखी वेगळंच. त्यातल्या बहुतेक २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. थंडी आहे म्हणून टिकतील असं वाटतं, पण धनुर्वाताची लस गोठली की वायाच जाते.

जडीबुटी ते वापरतात, हे मात्र खरं. पण मिळाली तर गोळीही घेतातच.