निंबाच्या झाडाजवळ

जुन्या धुळ्यात पत्ता सांगायला अक्कल लागत नाही. गल्ली नंबर 4 म्हटलं की काम झालं. 1818 साली खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठिकाण केलं आणि पुढे वसलेली पेठ अशी सरळ की चुकायचं म्हटलं तरी चुकता येऊ नये. राजवाडे संशोधन मंडळ गल्ली नंबर 1 मध्ये. परगावचा अभ्यासक पोथ्या शोधत आला तरी विचारत विचारत नीट पोचतो. मी मात्र घर बांधायला पांझरेच्या पलीकडे देवपुरात आलो आणि पत्त्याला मुकलो.

देवपूरच ते, देवांना काय तोटा! आमच्या कॉलनीला ज्या देवाचं नाव आहे, त्याच देवाच्या आणखी दोन कॉलन्या आहेत. एक वाडीभोकर रोडला, दुसरी थेट दुसऱ्या टोकाला. सातबाऱ्यावर आम्ही नुसते गट नंबर. आणि रिक्षावाल्याच्या हिशेबी आम्ही 'टाकीजवळ'. टाकी पाडून बरीच वर्षं झाली, पण रिक्षावाला तिथेच उतरवतो.

माझा प्लॉट 17. शेजारी 16 किंवा 18 असावा असं कुणालाही वाटेल. शेजारी 42 आहे. लेआउट काढणाऱ्याने नंबर टाकताना कॉलनीला प्रदक्षिणा घातली असावी. 18 नंबर ओपन स्पेसच्या पलीकडे, मारुतीच्या मागे. शिवाय 17-अ म्हणून एक आहे, तो भलत्याच गल्लीत. त्यांची गॅसची टाकी आमच्याकडे येते, आमच्या लग्नपत्रिका त्यांच्याकडे जातात. दोन-तीन लग्नांत ते आहेर करूनही आले म्हणे.

मे महिन्यात कूलर मागवला. दुपारी दीडला फोन आला.

"भाऊ, कुठे यायचं?"

"दत्त मंदिर चौकातून सरळ या. डावीकडे डीपी लागेल."

"तीन डीपी लागल्या भाऊ."

"मग निंबाचं झाड."

हे माझं चुकलंच. निंब रस्त्याच्या कामात मागच्याच वर्षी गेला. पण आमच्या कॉलनीत अजून सगळे 'निंबाजवळ'च राहतात. बायको म्हणाली, "लोकेशन टाका ना." टाकलं. आमचं लोकेशन मागच्या कपाशीच्या वावरात पडतं, नेमकं सांगायचं तर विहिरीत. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "भाऊ, इथे तर विहीर आहे." आवाजात रडू होतं की घाम, कळेना.

शेवटी डोक्याला पंचा गुंडाळून मीच निघालो. धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको. कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेला जीभ टाकून पडलेली. चौकापर्यंत गेलो, वावरापर्यंत गेलो, विहिरीतही वाकून पाहिलं. टेम्पो नाही. आता फोनही उचलेना.

परत येताना पाहतो तर टेम्पो आप्पांच्या दारात उभा. आप्पा म्हणजे आमच्या कॉलनीचं चौकशी खातं. रिटायर झाल्यापासून बनियन आणि पायजम्यावर ओट्यावर बसून असतात. त्यांच्या हद्दीतून परका माणूस सही-शिक्क्याशिवाय पुढे जात नाही. टेम्पोवाल्या मुलाने बिचाऱ्याने पत्ता विचारला असणार. पत्ता आप्पांच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा.

"कोन गावना शेस तू?"

"बेटावदना."

"आडनाव काय?"

मग आजोळ, मग आत्याचं गाव, मग कुणाची तरी सोयरीक. मी घामाने निथळत फाटकाशी पोचलो तेव्हा आप्पा मांडीवर थाप मारून म्हणत होते, "मंग तू ते आमना भाचाच निंघना! बठ, च्या पी."

भाचा बसला होता. शेवेची प्लेट अर्धी संपली होती. आणि माझा कूलर? तो खोक्यातून बाहेर, आप्पांच्या पडवीत, पाणी भरून सुरू. 'नवी वस्तू पाहून घ्यावी' म्हणून आप्पांनी लावायला सांगितला होता. वाळ्याचा गार वास फाटकापर्यंत येत होता. काकू त्याच्यासमोर पदर पसरून उडदाचे पापड लाटत बसल्या होत्या.

"ये, ये," आप्पा म्हणाले. "चांगला शे कूलर. तुझं घर सापडेना बिचाऱ्याला."

माझं घर त्यांच्या बरोब्बर समोर आहे.

"आप्पा, मग दाखवायचं ना!"

"त्याने 17 नंबर विचारला. मला काय माहीत तू 17 नंबर? मी तुला निंबाजवळचा म्हणूनच ओळखतो."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मीही बसलो. चहा आला. बाहेर निघायची हिंमत कुणालाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर कूलर खरोखरच चांगला होता. ऊन उतरल्यावर आम्ही तिघांनी तो उचलून रस्त्यापलीकडे नेला. टाकीतलं अर्धं पाणी माझ्या पायावर सांडलं.

गेल्या आठवड्यात बायकोने कूलरचं स्टँड मागवलं. पत्त्याच्या रकान्यात काय लिहिलं ते मी मागून वाकून पाहिलं. आप्पांचं नाव, आणि खाली कंसात 'ओट्यावरच असतात'.