शंभर डॉलरची काहील

मी उदयोन्मुख चित्रकार आहे. वय सत्तेचाळीस. कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये बावीस वर्षं चित्रकला शिकवतोय आणि तितकीच वर्षं उगवतोय. दसरा चौकातल्या शाहू स्मारकात तीन प्रदर्शनं झाली. तिन्ही वेळा नातेवाईक आले, अभिप्रायाच्या वहीत 'सुंदर' लिहून गेले आणि जाताना हिला विचारत गेले, "चिवडा कुठनं आणलास गं?" मुंबईच्या जहांगीरमध्ये तारीख मागितली, तर ती मिळेपर्यंत निवृत्तीच जवळ येईल अशी चिन्हं दिसली. म्हटलं, त्यापेक्षा परदेश जवळ.

गेल्या जूनमध्ये मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या फॉर्मांवर सह्या करत बसलो होतो, तेव्हा परदेश आपण होऊन आला. इटलीतल्या एका गॅलरीचा मेल. माझं इन्स्टाग्राम बघून त्यांची निवड समिती भारावली होती. माझी शेवटची पोस्ट शाळेच्या गणपतीच्या आराशीची होती, ती बघून कोण भारावलं असेल याचा अंदाज येईना. चौथ्या परिच्छेदात खुलासा झाला : भिंत मीटरला ६५० युरो. आमच्याकडे जागा चौरस फुटावर जाते, तिकडे भिंत कापडासारखी मीटरवर. अडीच मीटर फाडायला सांगावी काय, असा मी मनात हिशेब करत होतो, तेवढ्यात हिनं मागून मेल वाचला. "भारावलेत ते ना? मग पैसे आपण का द्यायचे?"

पुढे कळलं की अशा गॅलऱ्यांची रीतसर जमात आहे. गिऱ्हाईक चित्र विकत घेणारा नसतो, चित्रकारच असतो.

मग माझा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. तो श्टुटगार्टला मोटारींच्या कंपनीत आहे. चित्रकलेत तो कायम पस्तीसवर अडकायचा, त्यामुळे त्याचा कलेबद्दलचा आदर शाबूत राहिलाय. त्यानं सांगितलं, जर्मनीत गावोगाव 'कुन्स्टफेराइन' असतात, म्हणजे सभासदांनी वर्गणी काढून चालवलेलं कलामंडळ. त्याच्या जवळच्या गावातलं मंडळ बाहेरच्या चित्रकारांकडून कामं मागवत होतं. प्रवेश फी नाही, भिंतीचं भाडं नाही. फक्त चित्र स्वतःच्या खर्चानं पोचवायचं आणि परत न्यायचं. मी फोटो पाठवला आणि माझं चित्र घेतलं गेलं.

चित्राचं नाव 'काहील'. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. गुऱ्हाळावर पहाटे उकळताना ती वरून दिसते तशी, १०० बाय ८० सेंटीमीटर, ॲक्रिलिक. सगळा गुळाचा तपकिरी आणि मधे उकळीचा पिवळा. त्यांना सोबत कलाकाराचं निवेदन हवं होतं. मी लिहिलं, 'लहानपणी मामाच्या गुऱ्हाळावर जायचो. रस फार छान लागायचा.' भाच्यानं ते मोबाइलमधल्या कुठल्याशा यंत्राला दिलं आणि दीड पान बाहेर आलं. त्यात 'श्रम आणि वर्तुळ यांच्यातला ताण' असा शब्दप्रयोग होता. मामा एकदा काहिलीशेजारी घसरला होता, तो ताण असावा.

इथवर कला होती. इथून पुढे पेटी.

परदेशी लाकडी पेटी पाठवायची तर लाकडात कीड जाऊ नये म्हणून ते भाजावं लागतं. लाकडाच्या पार गाभ्यात ५६ अंश तापमान, सलग तीस मिनिटं. मग त्यावर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का मारतात. हा शिक्का कोल्हापुरात कुठे मिळणार? तर शिरोली एमआयडीसीत, पैशाला पासरी. आमच्या फाउंड्र्यांची कास्टिंगं जगभर जातात, त्यांच्या पेट्यांना तो लागतोच. मी तिथल्या पेटीवाल्या मामांकडे गेलो.

"जॉब किती टनाचा हाय?"

"टनाचा नाही, चार किलोचा. चित्र आहे."

मामांनी मला नीट वरून खालपर्यंत बघितलं. "निस्तं चित्र? आनि ते जर्मनीला कशाला?"

"बघायला."

"कोन बगनार?"

बावीस वर्षांत एकाही समीक्षकानं इतका मुद्द्याचा प्रश्न विचारला नव्हता.

पण माणूस कामाला पक्का. पाईनच्या पट्ट्या, त्यावर प्लाय, आतून फोम, खिळ्याऐवजी स्क्रू, कारण पेटी तिकडे उघडून त्याच पेटीत परत भरायची होती. मी बबल रॅप काढला. तो थेट रंगाला लावायचा नाही हे मी नागपुरात शिकलोय. एकदा मे महिन्यात तिकडे एक निसर्गचित्र तसंच गुंडाळून पाठवलं होतं. उन्हानं ॲक्रिलिक मऊ पडलं आणि आंबोलीच्या अख्ख्या घाटाला देवी आल्या. म्हणून या वेळी आधी बटर पेपर, मग बबल. शेवटी मामांनी ओंबीचा शिक्का मारला, चार पावलं मागे सरकून मान तिरकी केली आणि बघत राहिले. प्रदर्शनात लोकांनी माझ्या चित्रासमोर असं उभं राहावं, ही माझी जुनी इच्छा आहे.

बिल ४,८०० रुपये, छापील, जीएसटीसकट.

कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलीनं पेटी मोजली. ११० बाय ९० बाय २०. गुणाकार केला, पाच हजारानं भागला. "३९.६ म्हणजे चाळीस किलो, सर."

"अहो, काट्यावर चौदा भरतेय!"

"ते खरं वजन, सर. आम्ही आकारमानाचं धरतो."

म्हणजे चौदा किलोची पेटी आणि सव्वीस किलो हवा. कोल्हापूरची हवा इतक्या भावानं निर्यात होते हे मला ठाऊक नव्हतं.

मग तिनं फोटो बघितला. "हे जुनं वाटतंय. शंभर वर्षांच्या वरचं नाही ना?" शंभर वर्षांच्या वरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अडकते, बाहेर जाऊ देत नाहीत. मी म्हटलं, ताई, तो गुळाचा रंग आहे. तरी पत्र लिहून घेतलंच : सदर चित्र मी स्वतः गेल्या वर्षी काढले असून ते प्राचीन नाही. सही करताना राजा रविवर्मा आठवले. त्यांची दहा चित्रं १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनाला गेली आणि बक्षिसं घेऊन आली. आज त्याच कायद्यानं त्यांची चित्रं राष्ट्राचा ठेवा ठरलीत, विकून देशाबाहेर नेता येत नाहीत. माझं नेऊ नका असं कोणीच म्हणत नव्हतं.

"व्हॅल्यू किती टाकू?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. शाहू स्मारकात चित्राखाली साठ हजारांची चिठ्ठी होती. ती लावताना माझा हात थोडा कापला होता, पण लावली होती. "साठ हजार," मी म्हणालो.

"सर, तिकडे त्यावर अनामत भरावी लागते," तिनं समजावलं. ते खरं होतं. चित्र विकायला नाही, तात्पुरतं येतंय, प्रदर्शन संपलं की परत जाईल, असं मंडळ तिकडच्या कस्टम्सला लिहून देणार होतं, आणि त्यापोटी मंडळानं अनामत ठेवायची होती. मंडळाच्या चिटणीस एक निवृत्त शिक्षिका. एका निवृत्त शिक्षिकेच्या गळ्यात माझ्या साठ हजारांचा भार कसा घालायचा?

"बरेच जण शंभर डॉलर टाकतात," मुलगी म्हणाली.

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "टाका की. घरी दिवाणामागं दीड वर्ष फुकट पडून होतं."

शंभर डॉलर टाकले. खाली पॅकिंगचा वेगळा रकाना होता. तिथे मामांचं बिल जोडलं, ४,८०० रुपये. चित्राची किंमत पेटीच्या दुपटीलाही पोचली नाही, पण निदान वर तरी राहिली.

मी स्वतः गेलो नाही. शेंगेन व्हिसाला प्रवाशाचा किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा लागतो. चित्र शंभर डॉलरचं आणि चित्रकार तीस हजार युरोंचा, हे कोणत्याही अधिकाऱ्याला खटकलं असतं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी विद्यार्थ्यानं व्हिडिओ कॉल केला. पांढरी भिंत, त्यावर काहील, एकटी, चारी बाजूंनी मोकळी जागा. शाहू स्मारकात तिच्या एका बाजूला फ्यूजबॉक्स होता. लोक हातात ग्लास घेऊन हळू आवाजात बोलत होते. चिवडा नव्हता. एक म्हाताऱ्या बाई काहिलीसमोर उभ्या होत्या त्या हलेनात. निवेदन त्यांनी वाचलंच नाही. विद्यार्थी त्यांच्याशी बोलून परत आला.

"सर, त्या म्हणतात, हे पाक उकळतानाचं आहे ना? महायुद्धानंतर साखर मिळायची नाही तेव्हा त्यांच्या घरी बीटाचा रस मोठ्या कढईत आटवायचे. रात्रभर कोणीतरी ढवळत बसायचं. त्या म्हणतात, कडेचा रंग बरोबर असाच व्हायचा."

मला काही बोलता येईना. त्या कडेच्या रंगावर मी अकरा दिवस घालवले होते आणि इथे लोकांनी तो डाग समजून फुंकर मारून बघितला होता.

"सर, आणि त्यांना ते विकत हवंय. नऊशे युरो म्हणतात."

"नको!" मी ओरडलो. ही स्वयंपाकघरातून धावत आली. "विकू नकोस! त्यांना सांग, नाही म्हणून!"

बावीस वर्षं मी ज्या माणसाची वाट बघत होतो, त्याला हाकलायला मी जर्मनीत माणूस उभा केला होता. पण करणार काय? चित्र विकायला नाही असं कागदावर. परत जाणार असं कागदावर. विकायचं तर आधी ते तिकडे रीतसर आयात करायचं, कर भरायचा, आणि शंभर डॉलरच्या वस्तूचे नऊशे युरो कसे झाले हे सांगायचं. मी साहेबांना काय सांगणार, की प्रवासात प्रतिभा वाढली?

चिटणीसबाई शांत होत्या. करता येतं, म्हणाल्या, फक्त मी नव्या खऱ्या किमतीचं बिल पाठवायचं आणि जुनी किंमत तशी का लिहिली होती याचा एक खुलासा. तो खुलासा मी गेले चार दिवस लिहितोय. भाच्याच्या यंत्रानं दीड पान काढून दिलं, त्यात पुन्हा 'ताण' आला.

काल विद्यार्थ्याचा निरोप आला. बाई थांबायला तयार आहेत, घाई नाही. फक्त एक विचारत होत्या : पेटी पण मिळेल का? तो ओंबीचा शिक्का त्यांना फार आवडलाय, माझी सही समजून.

शिरोलीला हे अजून कळवलेलं नाही. मामा पुढच्या पेटीचा भाव वाढवतील.