मालकांचं उत्तर: ‘१०० चा प्लॅन, मिळतात १८’ या रिव्ह्यूवर

नमस्कार सर,

दोन दिवस नेट बंद राहिलं, त्याबद्दल माफी मागतो. गटारीच्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडली आणि जॉइंट मारायला आम्हाला उशीर झाला. दोन दिवसांचं भाडं पुढच्या बिलातून वजा करतो. इथे चूक आमची, वाद नाही.

पण तुम्ही लिहिलंय, ‘१०० एमबीपीएसचे पैसे घेतात, मोबाइलवर १८ दाखवतं, कायद्याने याला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही, सरळ फसवणूक आहे.’ हा शेवटचा शब्द फार लागला. आपल्या गावात लोक रिव्ह्यू बघूनच कनेक्शन घेतात, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कायदा. २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस (नेटच्या वेगाचं माप, १००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस) म्हणजे ब्रॉडबँड होतं. २०१३ मध्ये ते ५१२ झालं. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने किमान डाउनलोड २ एमबीपीएस केलं. तेव्हा १८ हे ब्रॉडबँडच, नऊपट. शिवाय स्पीड कुठून कुठे धरायचा हेही त्या व्याख्येत आहे: कंपनीच्या पॉइंट ऑफ प्रेझेन्सपासून, म्हणजे जिथून ती लाइन देते त्या केंद्रापासून, ग्राहकापर्यंत. आतल्या खोलीत वायफायवर मोबाइलला किती मिळतं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. अर्थात तुम्ही १०० चे पैसे भरता, २ चे नाही. त्यामुळे २ चा नियम दाखवून आमची सुटका होत नाही, हे आम्हालाही कळतं. घरापर्यंत १०० येतं का, एवढंच बघायचं.

ते आमच्या मुलाने तुमच्यासमोर बघितलं. पिवळ्या फायबर वायरीला पॉवर मीटर लावला, उणे १९.६ डीबीएम (वायरीतून येणाऱ्या सिग्नलची ताकद) आलं. साधारण उणे २७ च्या खाली गेलं की कनेक्शन तुटायला लागतं आणि डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकतो. तुमच्याकडे तो बंद होता. मग लॅपटॉप लॅन केबलने जोडला: ९४. उरलेले सहा आम्ही खाल्ले नाहीत. तुमच्या राउटरचा पोर्ट १०/१०० चा, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचा आहे, डेटाच्या पाकिटांचा स्वतःचा भार वजा जाता त्यातून टेस्टला ९४-९५ च्या वर दिसतच नाही.

राउटर मात्र गणपतीच्या आरासीसाठी हलवलेला, तो लोखंडी कपाटामागेच राहिला होता. सिंगल बँड, म्हणजे वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर (ड्युअल बँडला ५ गिगाहर्ट्झही असतं), मध्ये पत्रा आणि दोन भिंती, वर शेजाऱ्यांची वायफाय त्याच चॅनेलवर. मुलाने तो बाहेर काढून स्टुलावर ठेवला, चॅनेल ६ चा ११ केला, आणि त्याच खोलीत, त्याच मोबाइलवर ४१ आले. हे तुम्ही बघितलंत, रिव्ह्यूत लिहिलं नाहीत. राउटरही आमचा नाही, तुम्ही बाहेरून आणलेला. ड्युअल बँडचा घेतलात तर जवळ फरक पडेल, पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे आणखी कमी पोचतं, त्यामुळे कपाट मधून हलवावंच लागेल.

‘महिनाअखेर २ वर आणतात’ हे खरं आहे, डेटा संपल्यावर येतं. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१६ च्या निर्देशाप्रमाणे ५१२ केबीपीएसवर आणलं तरी चालतं. आम्ही २ एमबीपीएस ठेवतो. मर्यादा जवळ आल्याचा मेसेज तुम्हाला मिळाला नाही, कारण आमच्याकडे तुमचा जुना नंबर होता. तो बदलला.

‘४९९ सांगून ५८९ घेतले’: १८ टक्के जीएसटी, ८९ रुपये ८२ पैसे. पोस्टरवर ‘अधिक जीएसटी’ बारीक छापलंय, पुढच्या वेळी मोठं छापू.

ट्रायकडे जाणार म्हणालात. खुशाल जा, पण ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. आधी आमच्या तक्रार केंद्रातून डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या, समाधान झालं नाही तर वर अपील करा. ग्राहक आयोगही आहेच, तिथे दाद मागता येते हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. रस्ता आम्हीच सांगतोय, लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही.

रविवारी मुलगा येऊन राउटर भिंतीवर उंच लावून देईल, पैसे घेणार नाही. फक्त जागा दाखवा, आणि यंदा आरास दुसऱ्या कोपऱ्यात करा.