सुएझ : मध्यस्थी कसली, ठरवून केलेला डाव!

इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावरून 1956 मध्ये झालेल्या संघर्षावरचा लेख आवडला, पण त्यातलं 'लढाई (म्हणजे इस्राएल-इजिप्तची) थांबवायला ब्रिटन-फ्रान्स सुएझमध्ये उतरले' हे वाक्य काही पटलं नाही. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या सेव्र गावात, एका खासगी बंगल्यात, इस्राएलचे पंतप्रधान बेन-गुरियन, फ्रान्सचे पंतप्रधान मोले व परराष्ट्रमंत्री पिनो आणि ब्रिटनचे प्रतिनिधी गुपचूप भेटले. 24 तारखेला लेखी करारच झाला. आधी इस्राएलने इजिप्तच्या सिनाईत घुसायचं, मग ब्रिटन-फ्रान्सने पंच म्हणून पुढे यायचं. 29 ला इस्राएलचा हल्ला, 30 ला ब्रिटन-फ्रान्सचा निर्वाणीचा इशारा: इस्राएल आणि इजिप्त, दोघांनी कालव्यापासून दहा-दहा मैल मागे व्हा. गंमत म्हणजे इस्राएली फौज तेव्हा कालव्यापासून त्याहून कितीतरी लांब होती! म्हणजे 'मागे व्हा' म्हणत पुढे यायची परवानगीच की. फ्रेंच लढाऊ विमानं तर वैमानिकांसकट इस्राएली तळांवर येऊन थांबली होती.

ब्रिटनचे पंतप्रधान ईडनसाहेबांनी कराराची ब्रिटनची प्रत नष्ट करायला लावली आणि डिसेंबरमध्ये संसदेत सांगितलं, हल्ल्याची पूर्वकल्पना नव्हती. पण बेन-गुरियननी आपली प्रत जपून ठेवली होती ना! जानेवारी 1957 मध्ये ईडननी पद सोडलं, कारण दिलं तब्येतीचं. तब्येत खरंच खालावली होती म्हणा.