‘सेट’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर: शब्दकोश उघडला होता

निरुक्तप्रेमी यांस,

‘एक शब्द, ४३० अर्थ’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री वाचली आणि तिथल्या तिथे उत्तर लिहायला बसलो. ते पुसून टाकलं, हे आपलं नशीब. दुसऱ्यांदा सकाळी, शांतपणे वाचली. तरी लागायची ती लागलीच.

इतर वाचकांना संदर्भ हवा म्हणून सांगतो. इंग्रजीतला ‘सेट’ हा एस-ई-टी अशा तीन अक्षरांचा शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात सगळ्यांत जास्त जागा अडवून बसला आहे आणि त्याचे ४३० अर्थ दिले आहेत, असं मी लिहिलं होतं. सोबत उदाहरणं होती: सूर्य मावळतो तो सेट, जेली घट्ट होते तो सेट, गजर लावतात तो सेट, नाटकाचा सेट, कपांचा सेट. यावर निरुक्तप्रेमींचे आक्षेप असे की हा मान आता ‘सेट’कडे राहिलेला नाही, तो ‘रन’कडे गेला, कपांचा सेट आणि गजराचा सेट हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, मी त्यांची खिचडी केली, कोशातले क्रमांक म्हणजे अर्थ नव्हेत, मुळात अर्थ एकच, बाकी संपादकांनी घातलेला पसारा, आणि इंग्रजीचं एवढं कौतुक करण्याआधी मराठीतल्या ‘लागणे’चे अर्थ मोजून बघावेत. या सगळ्याच्या शेपटाला एक वाक्य: “लेखकाने फॉरवर्ड वाचून लेख पाडण्याआधी एकदा तरी शब्दकोश उघडायची तसदी घ्यायला हवी होती.”

आक्षेपांकडे नंतर येतो. आधी हे वाक्य.

‘लेख पाडणे’ हा शब्दप्रयोग मला कळतो. जिलब्या पाडतात तसे लेख पाडणारे आहेत, आणि मीही कधी पाडला नसेन असं नाही. पण ‘एकदा तरी शब्दकोश’? अहो, माझे वडील छापखान्यात जुळारी होते. खिळ्यांच्या घरांतून एकेक अक्षर उचलून, उलटं वाचत, ओळ उभी करायची हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. इंग्रजीत त्याला ‘टाइप सेट करणे’ म्हणतात हे मी शाळेत जायच्या आधी ऐकलेलं आहे. घरात दुसरं काही असो-नसो, पुठ्ठा सुटलेला एक इंग्रजी कोश होता आणि शब्द अडला की ‘बघ’ एवढंच उत्तर मिळायचं. अर्थ कुणी सांगायचं नाही. उठून, बघून, परत येऊन सांगायचा.

पुढे मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचं काम धरलं. गेली बावीस वर्षं तेच करतो. आता तुम्हाला (बघा, ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आलोच) ‘सेट’शी माझा संबंध कसा आला ते सांगतो, म्हणजे फॉरवर्डचा विषय संपेल.

कामाला लागून जेमतेम वर्ष झालं असेल. एका यंत्राच्या पुस्तिकेत शाफ्टवर पुली बसवण्याच्या सूचना होत्या. मूळ वाक्य असं काहीसं: “वन्स द अधेसिव्ह हॅज सेट, टाइटन द सेट स्क्रू.” मी लिहिलं, “चिकटद्रव्य वाळल्यानंतर स्क्रूंचा संच आवळावा.” वाक्य वाचायला गुळगुळीत होतं. मला तर आवडलंही होतं. पुस्तिका छापून गेली आणि काही आठवड्यांनी फोन आला. यंत्र जोडणाऱ्या मिस्त्रींनी झाकणाचे चार स्क्रू म्हणजेच ‘संच’ असं धरून ते कचकचून आवळले होते. पुलीच्या मानेतला बिनडोक्याचा छोटा स्क्रू, जो एलन कीनं आवळला की शाफ्टवर रुतून बसतो आणि पुलीला हलू देत नाही, तो तसाच ढिला राहिला. यंत्र सुरू केल्यावर पुली शाफ्टवरून सरकत कडेला गेली आणि पट्टा उतरला. कुणाला काही लागलं नाही, एवढं बरं. मिस्त्री फोनवर रागावलेही नव्हते. म्हणाले, “साहेब, तिथं एकच स्क्रू आहे. संच कसला? ग्रब स्क्रू म्हणा ना सरळ.” आणि जरा थांबून, “आणि ते वाळत नाही, सेट होतं.”

एका ओळीत दोन ‘सेट’, आणि दोन्ही मी चुकवले. पहिला ‘सेट’ म्हणजे घट्ट धरणं, दुसरा म्हणजे जागेवर रोवून ठेवणारा. ‘संच’ हा तिसरा अर्थ वाक्यात कुठेच नव्हता, तो माझ्या डोक्यातून आला. त्या दिवशी मी शब्दकोश उघडला नव्हता, हे खरं आहे. सोपा शब्द आहे, याला काय बघायचं, असं वाटलं होतं. तेव्हापासून सोपा शब्द दिसला की आधी बघतो. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या आवृत्तीचे वीसच्या वीस खंड मी एका ग्रंथालयात उभं राहून चाळलेले आहेत. ‘सेट’ पंधराव्या खंडात आहे, सुरुवातीलाच. नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. एक छोटं पुस्तकच म्हणा ना. पानं उलटत राहतो आणि तोच शब्द संपत नाही. ज्याला फॉरवर्डमधून हे कळलं त्याला खंडाचा क्रमांक ठाऊक नसतो, एवढंच सुचवतो.

तर, तसदी घेतली होती.

आता ‘रन’. हे तुमचं बरोबर आहे आणि मी खळखळ न करता मान्य करतो. कोशाची तिसरी आवृत्ती तयार होत गेली तसा सर्वांत लांब नोंदीचा मान २००० मध्ये ‘मेक’कडे, २००७ मध्ये ‘पुट’कडे आणि २०११ मध्ये ‘रन’कडे गेला. ‘रन’च्या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले आणि पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्यात नऊ महिने गेले. मी १९८९ ची आवृत्ती धरून लिहिलं आणि तसं सांगितलं नाही. ‘१९८९ च्या आवृत्तीत’ एवढे शब्द लेखात घातले आहेत. माणूस चूक दुरुस्त करतो की नाही, ते बघा.

कपांचं मात्र ऐका. वस्तूंचा गट या अर्थाचं ‘सेट’ हे नाम लॅटिन ‘सेक्टा’मधून जुन्या फ्रेंचच्या वाटेनं आलं, पंथ या अर्थाचं ‘सेक्ट’ त्याच घरातलं, आणि गजर लावणारं ‘सेट’ हे जुन्या इंग्रजीतलं देशी क्रियापद. मला हे ठाऊक होतं. लेखात जागा नव्हती. पण ४३० हा आकडा निव्वळ क्रियापदाचा आहे, त्यात कपांचा सेट मुळात धरलेलाच नाही. ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’सारखी जोडक्रियापदं आणि वाक्प्रचार मिळवले तर तो ५८० च्या आसपास जातो, मी तेही मिळवले नव्हते. माझ्या उदाहरणांत कप होते, हे खरं. कप काढून टाका. ४३० जागच्या जागी राहतात.

शिवाय बोलणारा माणूस शब्दाची वंशावळ बघून बोलत नाही. या दोन ‘सेट’चा उच्चार एक, स्पेलिंग एक, आणि शतकानुशतकं शेजारी राहून त्यांचे अर्थ एकमेकांत मुरले. एकत्र मांडून ठेवलेल्या वस्तू म्हणजे ‘सेट’, असं वाटायला लॅटिन लागत नाही. गणितातल्या संचाला कँटरनं जर्मनमध्ये वापरलेला शब्द साफ वेगळा होता, इंग्रजीत तोही येऊन ‘सेट’च्याच दारात उतरला. असो. हा मुद्दा मी एवढ्यावर सोडतो.

‘मुळात अर्थ एकच’ हे तुमचं विधान मात्र चटकदार आहे, आणि अर्धं मला पटतंही. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. इंग्रजीतही ते ‘सिट’चं प्रयोजकच आहे. संसद, परिषद, उपनिषद यांतला ‘सद्’ हा धातू त्याच दूरच्या नात्यातला. आणि मराठी ‘बसवणे’ ‘सेट’ला कसं चपखल लागू पडतं बघा: निखळलेलं हाड बसवतात ते सेट, कोंदणात हिरा बसवतात ते सेट. इथवर तुम्ही म्हणता ते खरं. पण सापळा लावतात. प्रश्नपत्रिका काढतात. किंमत ठरवतात. कवितेला चाल देतात. मोहोर गळून झाडावर फळ धरतं. सूर्य मावळतो. शिकारी कुत्रा दडलेल्या पक्ष्याचा वास येताच जागच्या जागी दबून राहतो, म्हणून त्याच्या जातीला ‘सेटर’ म्हणतात. हे सगळं इंग्रजीत ‘सेट’, आणि यातल्या एकाही ठिकाणी मला ‘बसवणे’ लिहिता येत नाही. लिहून पाहा: “सूर्य बसवला.” मुळात अर्थ एक असेलही, पण मुळात कुणी राहत नाही. माझं मोजमाप सरळ आहे: जिथं मराठीत दुसरा शब्द शोधावा लागतो, तिथं दुसरा अर्थ. तुम्ही म्हणाल, हे भाषांतरकाराचं मोजमाप झालं, कोशकाराचं नव्हे. झालं तर झालं. पट्टा उतरल्याचा फोन कोशकाराला येत नाही.

तुमच्या सुरावर एवढं लिहिलं, तर टीकेचंही एक उदाहरण देतो. याच कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला तेव्हा हेन्री ब्रॅडली नावाच्या माणसानं त्याचं परीक्षण एका साप्ताहिकात लिहिलं. हा गृहस्थ कुठल्या विद्यापीठातला नव्हता. सुऱ्या-काटे बनवणाऱ्या एका कंपनीत त्यानं वर्षानुवर्षं कारकुनी केलेली. परीक्षणात कौतुक होतं आणि चुकाही दाखवल्या होत्या, विशेषतः व्युत्पत्तींच्या. मुख्य संपादक जेम्स मरे यांनी ते वाचलं आणि या माणसालाच कामाला घेतलं. पुढे ब्रॅडली स्वतः संपादक झाले, मरे यांच्यानंतर मुख्य संपादकही. एस या अक्षराचा सुरुवातीचा भाग त्यांच्याकडे आला, म्हणजे ‘सेट’ही त्यांच्याच हातून गेला. चूक कशी दाखवावी ते यावरून कळतं. त्यांनी मरे यांना ‘एकदा तरी शब्दकोश उघडा’ असं सुनावल्याचं माझ्या वाचनात नाही.

(हे लिहिताना लक्षात आलं की तुम्हीही व्युत्पत्तीचीच चूक दाखवली आहे. पण मी मरे नाही, आणि माझ्याकडे जागा रिकामी नाही.)

राहता राहिलं ‘लागणे’. त्यावर स्वतंत्र लेख होईल, इथं विषयांतर नको. या उत्तरात ते किती ठिकाणी आणि किती अर्थांनी आलं आहे ते मोजायला लागलो होतो. पहिल्याच परिच्छेदात तुमची प्रतिक्रिया ‘लागली’ आहे, पुढे कुणाला काही ‘लागलं’ नाही, मी कामाला ‘लागलो’, सापळा ‘लावला’, ‘बसवणे’ लागू ‘पडलं’ (हे धरायचं की नाही?), लॅटिन ‘लागलं’ नाही. इथं मोजणं सोडलं. त्याचा अर्थ तुम्ही काय लावायचा तो लावा.

लेखातून कप काढले आहेत. दुरुस्ती सुचवणाऱ्याचं नाव लेखाखाली द्यायचा माझा प्रघात आहे. टोपणनावाखाली लिहिणाऱ्यांचं मी देत नाही, म्हणून दिलेलं नाही. खरं नाव कळवलंत तर घालीन.